ताटाएवढा उजेड

माझी प्रार्थना बंद पडली तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो. देवावर रागावलो होतो असंही म्हणता येणार नाही. रागवायला समोर कोणीतरी आहे असं वाटावं लागतं. उपासनेला मी मंडळीबरोबर उभा राहायचो, ओठ हलवायचो, आणि देवाच्या इच्छेपुढे मान तुकवण्याचे शब्द आले की माझा आवाज आपोआप थांबायचा. शेजारी उभी असलेल्या माझ्या बायकोला, एस्तेरला, ते कळत असणार. तिने कधी विचारलं नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत मी शिरूरला मिशनच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो. माणसांचे चेहरे मला चांगले जमत. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तळेगाव ढमढेऱ्याला ओळखीच्या शेतकरी कुटुंबाकडे राहायला गेलो. तिसऱ्या प्रहरी मी आमच्या सहा वर्षांच्या रूथला घेऊन उसाच्या कडेच्या विहिरीवर गेलो. एक म्हातारे आबा मोट हाकत होते. त्यांचा चेहरा मला फार आवडला. रूथला जवळच बस म्हणालो आणि कागदावर वाकलो. पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज मी ऐकला होता. मोटेचं पाणी पडलं असेल असं वाटून मी वर पाहिलं नाही, आबांच्या भुवया काढत राहिलो. शेवटी आबांनीच बैल सोडून उडी घेतली. मला पोहता येत नव्हतं. मी काठावर पेन्सिल धरून उभा होतो. रूथला वर काढलं तेव्हा सगळं संपलेलं होतं.

एस्तेरने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. घरात आम्ही दोघं एकमेकांना ताट वाढायचो, दिवा लावायचो आणि गप्प बसायचो. चेहरा काढायला घेतला की माझा हात थांबायचा. रूथचा चेहरा काढून पाहिला, तो तर आठवेचना. आठवायचं ते फक्त हिरवं-काळं पाणी. आणि एकच प्रश्न रात्रंदिवस छळायचा: तिला शेवटी काय दिसलं असेल? मी तिच्याकडे पाहत नाही, एवढंच ना?

मी शाळा सोडली. एस्तेरला शिरूरला तिच्या आईजवळ ठेवलं आणि दौंडला येऊन दुकानांच्या पाट्या रंगवू लागलो. अक्षरं काढताना कोणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. तिथल्या पाळकसाहेबांनी ख्रिस्ती देवळामागची एक रिकामी खोली मला दिली आणि उपासनेला येण्याचा आग्रह केला नाही. रविवारी भिंतीपलीकडून गाणी ऐकू यायची. मी खाटेवर पडून आढ्याकडे बघत बसायचो. आठवडा आठवडा पाट्या करून घेणाऱ्या दुकानदारांशी होई तेवढंच माझं बोलणं.

अशाच एका रविवारी गाणं चालू असताना मी उठलो, चुन्यात नीळ आणि काजळी कालवली, त्यात सरस घातला आणि समोरच्या भिंतीला ब्रश लावला. काय काढायचं हे ठरवलं नव्हतं. झाड नाही, माणूस नाही, नुसता रंग. रंग वाळला की त्यावर दुसरा. हात दुखेपर्यंत लावत राहिलो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडलो. मग रोज काम संपलं की तेच. दोन महिन्यांत भिंत खालपासून वरपर्यंत गडद झाली. हलकं वाटायचं, पण चित्र पुरं होत नव्हतं. कुठे थांबावं ते कळत नव्हतं. पाळकसाहेब एकदा बघून गेले. ते म्हणाले, मला यातलं काही समजत नाही, पण तुम्ही थांबू नका.

चैत्रातल्या एका दुपारी दारात एक म्हातारी उभी राहिली. डोक्यावर फुलांची रिकामी पाटी होती. कासुर्डीहून ती बाजाराला फुलं घेऊन यायची. ऊन लागलं म्हणून पाणी मागायला आली होती. मी तांब्या दिला. पाणी पिता पिता तिची नजर भिंतीवर गेली आणि ती तिथेच खाली बसली.

“ही हीर हाय न्हवं?” ती म्हणाली. “आतनं बघितल्यावानी.”

मी कोणालाही काही सांगितलं नव्हतं.

“मी पडले व्हते हिरीत, लहान असताना,” ती सांगू लागली. “पयल्यांदा लई भ्या वाटलं. मग समदं गप झालं. वर बघितलं, तवा ताटाएवढा गोल उजेड व्हता. हलत व्हता. मला वाटलं, आईच दिवा घिऊन आली. मग भ्या न्हाई वाटलं. एकटीबी न्हाई वाटलं. चुलत्यानं वर काढलं तवा उलट रडले, उजेड गेला म्हनून.” मग भिंतीकडे बोट करून म्हणाली, “तुमी उजेड न्हाई काढला, बाबा.”

तांब्या खाली ठेवून ती गेली. मी दारातच बसून राहिलो. खूप वेळाने लक्षात आलं, मी देवाचं नाव घेत होतो.

संध्याकाळी भिंतीच्या वरच्या बाजूला मी ओला पांढरा आणि थोडा पिवळा लावला. खालचा निळा त्यात उतरला तो पुसला नाही.

पुढच्या बाजारी मी तिला शोधून काढलं आणि रूथबद्दल सगळं सांगितलं. तिने आपले ओले हात लुगड्याला पुसून माझा हात धरला. मी म्हणालो, आजी, तुम्हाला देवाने पाठवलं. ती म्हणाली, “मला तर तहान लागली व्हती.” आणि फुलांना पाणी मारायला लागली.

त्याच आठवड्यात मी मोटारीने शिरूरला गेलो. एस्तेरला घेऊन आलो, भिंतीसमोर बसवलं आणि म्हातारीचं बोलणं सांगितलं. तो आवाज ऐकूनही मी वर पाहिलं नव्हतं, हेही सांगितलं. इतके दिवस ते लपवलं होतं. तिने भिंतीवरच्या पांढऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “मला माहीत होतं. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.”

देवाने रूथला का नेलं, हे मला आजही कळलेलं नाही. त्या म्हातारीला दिसलं तेच आमच्या लेकीला दिसलं असेल, असा दावाही मी करत नाही. पण जे मला कधीच कळणार नव्हतं ते मी मुठीत धरून बसलो होतो, आणि कोणीतरी येऊन ती मूठ हलकेच उघडली. ज्याने म्हातारीला त्या दुपारी तहान दिली, त्याचे मी रोज आभार मानतो. पुढे मी पुष्कळ चित्रं काढली, सगळी नुसत्या रंगांची. लोक विचारतात हे काय आहे. कधी सांगतो, कधी नाही.

एस्तेरला भिंत दाखवली त्या दिवशी, शिरूरला परत निघायच्या आधी, ती उठली. पदर खोचला आणि ब्रशकडे हात करून मला विचारलं, “मी लावू थोडा?”

मी बाजूला झालो.