सुलतानचे तीन आठवडे

दोष नेहमी मुक्या जनावराचाच असतो! हात धुवायचा कंटाळा करायचा, गोठा आठवड्याने झाडायचा आणि ‘निकृष्ट’ हा शिक्का मात्र रेड्याच्या नावावर मारायचा. कोण ते मी सांगत नाही. ज्याला झोंबेल त्याचंच नाव समजा.

चिकलठाण्याच्या पुढे आमचं केंद्र आहे. रेड्यांचं वीर्य गोळा करून, गोठवून गावोगावच्या म्हशींसाठी पाठवायचं, हे काम. इथे किस्से शेणासारखे साचतात. रोज उचलायला कुणी हवं! माझे वर्गमित्र पुण्यात कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर झाले. मी इथे रेड्यांचा डॉक्टर, क्वार्टरमध्ये एकटा.

*

आमचा मुऱ्हा जातीचा रेडा सुलतान. त्याचे सलग दोन नमुने फेल गेले. शुक्राणू मरगळलेले, वर जंतूंची जत्रा! मोठे साहेब म्हणाले, “तीन आठवडे देतो. मग टेम्पो.” टेम्पो म्हणजे कुठे, ते इथे कुणी विचारत नाही.

मी सुलतानच्या पोटाखाली वाकून पाहिलं. शिश्नावरच्या कातडीच्या तोंडाशी वीतभर केस, त्यात शेण, मूत, माती. सगळं तिथूनच नमुन्यात येणार! मी कात्री मागितली.

रशीदचाचा वीस वर्षं रेडे, म्हणजे इकडच्या बोलीत हल्ये, सांभाळतात. ते म्हणाले, “साहब, मेरे बालां कटाने कू कोई पीछे नै पड़ा. तुम हल्ये के पीछे पड़रे!”

*

केस कापले. आता ती कातडी आतून सलाईनने धुवायची. पुस्तकात ‘कोमट’ लिहिलंय. मला घाई. सलाईन गारच वापरलं!

सुलतानने एकच लाथ झाडली. मी थेट शेणाच्या नालीत.

चाचांनी नळाचा पाइप उचलला. “पहले किसकू धोऊं?”

*

त्याच आठवड्यात उस्मानपुऱ्यात स्थळ पाहायला गेलो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, “नेमकं काम काय असतं?”

कुणीतरी विचारलं, याचाच मला इतका आनंद झाला, की अर्धा तास सांगत बसलो. गोठ्याची स्वच्छता, केस, सलाईन, जंतू... सगळं! पोहे गार झाले. मुलगी मान खाली घालून हसत होती. मला वाटलं, आवडलं असावं.

शेवटी तिचे मामा म्हणाले, “म्हणजे तुम्ही हल्याला आंघोळ घालता व्हय!”

पुन्हा फोन आला नाही.

*

शुक्राणू सुधारले, पण जंतू हटेनात. मी सगळ्यांवर भडकलो. चाचांचे हात, झाडूवाल्याचे हात, सगळे तपासले. ‘हात धुतल्याशिवाय आत येऊ नये’ अशी पाटी रंगवली.

लॅबमधल्या सुनीताताई दोन दिवस माझं काम बघत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “सर, जेलीचा डबा कोण हाताळतं?”

नमुना घ्यायच्या कृत्रिम योनीला ती जेली लावतात. मीच लावायचो. रेडा धुतला, की तेच बोट डब्यात! सगळ्या रेड्यांना एकच डबा, एकच बोट. माझं.

ताई शांतपणे म्हणाल्या, “पाटी तुमच्या टेबलावर ठेवू का?”

*

नवा डबा, दर वेळी उकळलेली काचेची कांडी. शुक्रवारी सुलतानचा शेवटचा नमुना घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणूंच्या लाटा उसळत होत्या. नमुन्यातले जंतू वाढतात का ते पाहायची प्लेट रविवारी उघडायची होती. टेम्पोही रविवारीच सांगितलेला.

रविवारी केंद्रात मी एकटाच. झाकण उघडलं. प्लेट स्वच्छ!

मोठ्या साहेबांना फोन केला. “बरं. राहू दे मग त्याला,” म्हणाले आणि ठेवला.

चाचा पैठणला लग्नात, फोन बंद. ताई पोरांना घेऊन वेरूळला, रेंज नाही. वर्गमित्रांच्या ग्रुपवर लिहिलं, “सुलतान पास!” एकाने विचारलं, “कोण सुलतान?”

मी धावत फाटकाकडे गेलो. टेम्पोवाला फळी टाकून, दोरखंड हातात घेऊन उभा होता.

“न्यायचा नाही!” मी ओरडलो. “पास झाला तो! एकही जंतू नाही!”

त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागच्या रिकाम्या आवाराकडे पाहिलं. दोरखंड गुंडाळला, फळी उचलली आणि पुढचं दार उघडून म्हणाला,

“मंग तुमीच चला की, साहेब. गाडी रिकामी न्यायची नसती.”