घंटा वाजली आणि दार लागलं

आमच्या शाळेची घंटा म्हणजे आंब्याच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. पोरं कमी झाली, शाळा बंद पडली, गुरुजी गेले. तुकडा मात्र राहिला. मग त्या इमारतीत आम्ही गावाचं कलाघर थाटलं. एका खोलीत ढोल आणि टाळ, दुसरीत झाडीपट्टीच्या नाटकांचे मुकुट, तलवारी आणि माझी मिशी. दर हिवाळ्यात खलनायक मीच. माझ्याइतकं झोकात मरायला गावात कोणाला जमत नाही.

पण इमारत सरकारची, आणि एका धान-व्यापाऱ्यानं ती गोदामासाठी मागितली होती. घर वापरात दिसलं तर आमचं, नाहीतर त्याच्या पोत्यांचं. तपासायला तालुक्याच्या अधिकारी मॅडम आल्या त्या नेमक्या भर कापणीत, न कळवता. सोबत व्यापारी. अंगणात मी एकटा. मॅडमनी मुकुटावरून बोट फिरवलं आणि बोटावरची धूळ पाहिली.

"इथं येतं कोण?"

"सारं गाव येते, मॅडम!"

"कुठी आहे गा भाऊ गाव?" व्यापारी हसला. "कुत्रं बी दिसून नाई राह्यलं."

मॅडम गाडीकडे वळल्या. धावलो, दगड उचलला आणि रुळावर दणादण हाणला. गाव गोळा करायला दुसरं काही सुचलंच नाही.

वाजवून झाल्यावर आठवलं. शाळा बंद झाल्यापासून या घंटेचा गावात एकच अर्थ उरला होता: वाघ. बायका-पोरांनी या पक्क्या इमारतीत शिरायचं, गड्यांनी बाहेर पहारा द्यायचा, आणि घंटा पुन्हा वाजेपर्यंत दार उघडायचं नाही.

बांधाबांधावरून माणसं सुटली. विळे, काठ्या, बडवायला डबे. एका म्हातारीनं मॅडमचा दंडच धरला. "चाल वो बाई आत! उभी काऊन राह्यली? वाघाले ओवाळतं का?" व्यापारी तर सगळ्यांच्या आधी आत. दार लागलं.

"कुठी आहे गा वाघ?" गडी नाल्याकडे निघालेसुद्धा.

खोटं रेटावं, तर ही माणसं झुडपांत घुसणार. खरं सांगावं, तर घर गेलं.

"थांबा गा. वाघ नाई. मीच वाजवली."

एक जण म्हणाला, "तुले या खेपेला खरोखरच मारतो."

दार उघडायला मी पुन्हा दगड उचलला, तर आतून रडणाऱ्या पोरांच्या आवाजावर म्हातारीचा आवाज चढला. धान रोवण्याचं गाणं. एकेक बाई तिला मिळत गेली. बाहेर कोणाचा तरी डबा आपसूक ठेका धरू लागला. दगड तसाच हातात. शेवटी हाणला. दार उघडेना. पुन्हा हाणला.

फट झाली. मॅडम. कडेवर कोणाचं तरी पोर.

"गेला वाघ?"

"नव्हताच, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की खलनायकाचं काम त्यांनाच द्यावं. मागे बायकांच्या गर्दीत चेपलेला व्यापारी गाण्यावर टाळ्या वाजवत होता.

"मग गाणं पुरं होऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि दार माझ्या तोंडावर लावलं.

व्यापाऱ्याची पोती गोंडपिपरीच्या गोदामात गेली. घर आमचं राहिलं. घंटा मात्र आता म्हातारीच्या ताब्यात असते, आणि मी आंब्याच्या सावलीत बसलो तरी ती ओरडते.