आबा असताना काढलेली मिशी

माझ्या डाव्या गालावर चाई आहे. म्हणजे दाढीतली अशी जागा, जिथं केसच येत नाहीत. मिसरूड फुटलं तेव्हा आईला दाखवली, तर ती म्हणाली, झोपेत किडा चाटून गेला असेल. एक जागा गालाच्या मधोमध. दुसरी ओठाच्या कडेला, मिशी खाली उतरून दाढीला मिळते तिथं. उजवीकडं मात्र सगळं दाट. एका बांधावर पाऊस पडावा आणि शेजारचा कोरडा राहावा, तसा माझा चेहरा.

तरुणपणी काही अडलं नाही. तेव्हा आमच्याकडं माणसं गाल घोटायची आणि मिशी राखायची, संपलं. माझ्या वडिलांचे, आबांचे, खुंट वाढलेले मी कधी पाहिलेच नव्हते. पण गेल्या काही वर्षांत बघता बघता सगळ्यांना दाढ्या आल्या. ट्रॅक्टरवाले, ग्रामपंचायतीचे सदस्य, सोनईतल्या माझ्या खत-औषधांच्या दुकानात कंपन्यांकडून येणारी पोरं. सगळ्या दाट, कोरीव. त्यातच आबा गोठ्यात घसरले, खुब्याचं हाड मोडलं आणि खाटेला खिळले. त्यांचं अंग पुसायचं, कूस बदलायची, भांडं द्यायचं, यात सकाळी माझी दाढी राहायला लागली. वाढली. एक गिऱ्हाईक म्हणालं, "शोभती की शेठ!"

ते मनापासून म्हणालं की टर उडवली, याचा मी आठवडाभर विचार केला.

संशय तिथून सुरू झाला. समोरचा बोलताना डोळ्यांत बघतोय की गालाकडं? बायको म्हणाली, "बरी दिसती," पण ते भाकरी थापताना, मान वर न करता. मग बघितली कधी? मेडिकलमधून केस उगवायची बाटली आणली, तर मेडिकलवाल्यानं ती कागदात गुंडाळून दिली. का गुंडाळली? एका साखरपुड्याला जाताना बायकोच्या काजळानं चाई भरली. पंगतीत घाम आला. शेजारच्या पाहुण्यानं आपला रुमाल पुढं केला. त्या पाहुण्याच्या गावाला मी अजून गेलेलो नाही.

माझा न्हावी आमच्याच गावचा. त्याचा बाप घरोघरी फिरून दाढ्या करायचा, यानं सोनईत दुकान टाकलं. तो म्हणाला, "शेठ, पूर्ण दाढीचा नाद सोडा. फ्रेंच मारतो. गाल साफ, हनुवटीपुरती ठिवू. चाई गेली की पार."

"अन् ओठाच्या कडंची?"

"ती कोन बघतंय?"

म्हणजे त्यानं बघितली होती.

फ्रेंच मारून घरी गेलो तर बायको दारातूनच म्हणाली, "प्लॉट इकायला आलाय व्हय कुनी?" मग बारीक खुंट ठेवून बघितले, आजारी दिसायला लागलो. नुसती हनुवटीवर ठेवली, तर आरशात बोकड. न्हाव्यावरचा माझा विश्वास उडाला. तो डावीकडं मुद्दाम मशीन जास्त दाबतो आणि मी उठून गेलो की मागच्या बाकावरची माणसं हसतात, असं वाटायला लागलं. मी ट्रिमर विकत आणला.

आता जे सांगायचं आहे ते.

मिशीचं आमच्याकडं एक आहे. बाप जिवंत असताना मुलानं मिशी उतरवायची नाही. उतरवायची ती बाप गेल्यावर, डोक्याबरोबर. आता कॉलेजातली पोरं हे मानत नाहीत. पण माझ्यासारख्या पन्नाशीला टेकलेल्या, दुकान चालवणाऱ्या माणसाचा ओठ मोकळा दिसला, तर खेड्यातला माणूस त्याचा एकच अर्थ घेतो.

थंडीचे दिवस होते. सकाळी मी मोरीतल्या आरशासमोर उभा होतो. आतून आबा हाका मारत होते.

"पानी दे रं."

"आलो."

परत हाक. मी मिशीची डावी बाजू चाईपासून जरा वर घेत होतो. मशीन सटकली आणि मिशीचं टोक गेलं. एवढंच. कुठल्याही न्हाव्यानं ते सांभाळून घेतलं असतं. आबांची पुन्हा हाक आली. मी आरशाकडं बघत मनात म्हणालो, आज ना उद्या काढायचीच आहे. आणि सगळी काढली.

मशीन सटकली, असं मी सगळ्यांना सांगत आलो. मशीन टोकापुरती सटकली होती.

आबांना पाणी पाजायला गेलो ते तोंडाला मफलर गुंडाळून. "लई गारठा हाय," असं न विचारता सांगितलं. तसाच कानटोपी घालून दुकानात गेलो. दुपारी ऊन चढलं तेव्हा मफलर काढला. समोरचं गिऱ्हाईक बोलता बोलता गप्प झालं. मला वाटलं, चाई दिसली. दुसरा शेजारच्या गावचा होता, फवारणीचं औषध घेतलं, हात जोडले आणि गेला. चाईला हात कोण जोडतं? मग आबांचे एक जुने जोडीदार आले. त्यांनी आणि आबांनी मिळून घोडेगावच्या बाजारात आयुष्यभर बैलांचे सौदे केलेले. त्यांनी माझ्या ओठाकडं बघितलं, कानटोपीकडं बघितलं, खांद्यावर हात ठेवला. चहाला मानेनंच नको म्हणाले. आणि निघाले ते 'येतो' न म्हणता.

तेव्हा मला लख्ख कळलं. आमच्याकडं माणूस कुठूनही निघताना 'येतो' म्हणतो. म्हणत नाही तो फक्त दुखवट्याच्या ठिकाणाहून. आणि गेलेल्या माणसाचं दुकानात काही विचारत नसतात. त्यासाठी घरी जातात.

ते समोर एसटीच्या थांब्यावर उभे होते. काउंटरवरून दिसत होते. मी रस्ता ओलांडून जाऊ शकत होतो. गेलो नाही. का, ते आज लिहितो. त्या दुपारी माझ्याशी कुणी आवाज चढवून बोललं नव्हतं. कुणी माझ्याकडं काही मागत नव्हतं. माझ्या गालाकडं तर कुणी बघतच नव्हतं. मला हलकं वाटत होतं. आबा गेल्यावर कसं वाटेल, ते मी आबा असताना बघून घेत होतो. एसटी आली आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांची खाट अंगणात उन्हाला ओढली होती. ते उशीला टेकून बशीतनं चहा पीत होते. गल्लीच्या तोंडाशी पिकअप थांबली आणि बायकांनी गळा काढला. घर जवळ आलं की तसा काढायचाच असतो. पुढं आबांचे जोडीदार, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. ते कोपऱ्यावरून वळले आणि मागचं रडणं मध्येच तुटलं. एकीचा पदर तोंडावरच राहिला.

आबांनी बशी खाली ठेवली. "कोन गेलं रं?"

जोडीदारांनी डोक्याचा टॉवेल सोडून खांद्यावर टाकला.

"कोन न्हाई. तुलाच बघाया आलो."

"रडत?"

"ह्या बायांना गाडी लागती."

मागं एका बाईला हसू आवरेना. मग सगळ्यांनाच आवरेना. एक म्हातारी म्हणाली, "मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं, आबा. आता तुमाला लौकर मरन न्हाई." चहा झाला, पोहे झाले. निघताना प्रत्येक जण मोठ्यानं "येतो" म्हणाला. काही जण परत मागं येऊन म्हणाले.

गाडी गेल्यावर आबा म्हणाले, "मफलर काढ."

मी काढला. त्यांनी जवळ बोलावलं आणि बैलाचे दात बघावेत तसं माझ्या ओठावरून बोट फिरवलं.

"लई घाई झाली व्हय?"

"मशीन सटकली, आबा."

त्यांनी बशी उचलली. चहा कधीचा गार झाला होता, तरी प्याले.

आजारपणात त्यांची दाढी मीच करायचो. त्या दिवसानंतर ते करून घेईनात. "आज नगं, कनकन हाय." "गार वारं सुटलंय." मला वाटलं, माझ्या हातातला वस्तरा त्यांना आता गळ्याजवळ नको आहे. मी ताट पुढं ठेवलं की ते आधी वास घेतात, असंही दिसायला लागलं. तसा ते आयुष्यभर घेत आले असतील. मी बायकोला विचारलं, तर म्हणाली, "ते कशाला काय करतेत? तुमीच त्यांच्याकडं चोरावानी बघताय."

दाढी वाढत गेली. पांढरी शुभ्र. एका दुपारी मी त्यांची कूस बदलली आणि ऊन नेमकं डाव्या गालावर आलं. गालाच्या मधोमध जागा मोकळी होती. ओठाच्या कडेला दुसरी.

"काय बघतो?"

"तुमालाबी चाई हाय?"

"आपल्या घरातच हाय ती. तुझ्या आज्यालाबी हुती."

"कधी सांगितलं न्हाई."

"तू इचारलं कवा? अन् रोज घोटली की दिसती कुटं?"

किडाबिडा काही नव्हता तर. मी खाटेशी बसलो. त्यांच्या डोळ्यांकडं बघणं जमेना, म्हणून त्या मोकळ्या जागेकडंच बघत बोललो. "आबा, मशीन थोडीच सटकली हुती. मिशी मीच काढली."

"म्हाईत हाय."

"तुमी हाका मारत हुता, अन् मला वाटलं..."

"म्हाईत हाय म्हनलं ना."

ते छताच्या पत्र्याकडं बघत म्हणाले, "माझा बाप असाच लई दिस पडून हुता. ज्वारी काढायला आलती. मी न्हाव्याला सांगून ठिवलं हुतं, चार दिस गाव सोडू नको म्हनून."

मला हसू आलं. "मग?"

"मग काय? न्हावी वाट बघून बघून लेकीच्या गावाला गेला. म्हातारा पुढच्या सुगीची भाकर खाऊन मग गेला." त्यांनी मान माझ्याकडं वळवली. "जा, वस्तरा आन."

मी पाणी गरम केलं, साबण फेसला. त्यांनी डोळे मिटून मान मागं टाकली, गळा पूर्ण उघडा. डावा गाल झाला, उजवा झाला, गळा झाला. वरच्या ओठाशी आलो तेव्हा डोळे न उघडताच म्हणाले, "मिशीला हात लावू नको. मला तुझ्यावानी घाई न्हाई."

आबा आहेत. माझी मिशी परत आली, डावीकडची जरा उशिरा. गाल मी आता रोज घोटतो. दाढी कशी ठेवायची हे ठरवण्यात मी एवढा काळ घालवला, पण ते आमच्या घरात माझ्या आधीच ठरलेलं होतं.

केस कापायला परत त्याच न्हाव्याकडं जातो. आबांनी गाव सोडू नको म्हणून सांगितलं असेल, तर ते त्याच्याच बापाला. तो म्हातारा अजून आहे, दुपारचा दुकानात बाकावर बसून असतो. आबांची ती गोष्ट खरी, की त्या दुपारी माझ्यासाठी रचलेली, हे त्याला एका शब्दात विचारता येईल. आरशातून तो मला दिसतो. मी मान पुढं करतो, आणि विचारत नाही.