हा संगणक लक्षात ठेवा

बँकेची वेबसाइट उघडली की खाली एक करडी पट्टी येते. ‘आपला अनुभव अधिक चांगला व्हावा म्हणून हे संकेतस्थळ कुकीज वापरते.’ शेजारी दोन बटणं, ‘सर्व स्वीकारा’ आणि ‘निवड करा’. अशा एका बँकेच्या पट्टीचं आणि तिच्यामागे दडलेल्या लांबलचक धोरणाचं मराठी मी केलेलं आहे. ते कोणी वाचल्याचं आजवर माझ्या ऐकिवात नाही. लोक ‘सर्व स्वीकारा’ दाबतात आणि पुढे जातात.

नोकरी सरकारी कचेरीत भाषांतर करण्यातच गेली, आणि निवृत्तीनंतर नाशकातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मी तेच करत होतो. समजल्याशिवाय वाक्य उतरवायचं नाही, ही माझी एक खोड. म्हणून कुकी म्हणजे काय ते आधी शिकलो. शिकलेलं लगेच बायकोला शिकवायला बसायचं, ही दुसरी खोड. ती स्वतः महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवून निवृत्त झालेली, तरी तिने ऐकून घेतलं.

“गिरणीत डबा ठेवताना तू आत चिठ्ठी टाकतेस ना, ‘ज्वारी, बारीक’?” मी म्हणालो. “गिरणीवाला काही तुला लक्षात ठेवत नाही. चिठ्ठी बघतो आणि दळतो. बँकेचं तसंच आहे. तू बँकेच्या पानावर जाऊन आलीस की ती आपल्याच कॉम्प्युटरवर एक चिठ्ठी ठेवून देते. पुन्हा गेलीस की ती चिठ्ठी बघते आणि म्हणते, या बाई.”

ती कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “म्हणजे ओळख तिच्याकडे नसतेच. आपल्याकडे असते.”

सगळं धोरण तिने दोन वाक्यांत उरकलं होतं. मी मात्र पुढे आठवडाभर प्रकार मोजत बसलो. काही कुकीज आवश्यक असतात, काही आवडीनिवडी जपतात, काही तुम्ही काय बघता ते टिपतात. काही पान बंद केलं की जातात, काही वर्षभर राहतात.

त्यानंतर दोनेक वर्षांनी तिचं विसरणं सुरू झालं. आधी आमटीत दोनदा मीठ, मग ओळखीच्या कॉलेज रोडवर रिक्षात बसून रडणं, कारण घर कुठे ते सांगता येईना. डॉक्टरांनी तिला घड्याळ काढायला सांगितलं तेव्हा तिने बाराही आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने लिहिले. सकाळचं तिला दुपारी आठवत नसे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं मात्र जसंच्या तसं. मखमलाबादकडे तिच्या वडिलांचा फुलांचा मळा होता. त्या मळ्यातली विहीर, मोट, कुत्रं, सगळं तिला दिसायचं. बोलणंही हळूहळू तिकडचं होत गेलं. तीस वर्षं शाळेत वापरलेली घासूनपुसून लख्ख मराठी गळून पडली आणि खालून ‘लय’ आणि ‘नाय’ वर आलं.

एक गोष्ट मात्र शाबूत होती. रोज सकाळी चहा झाला की ती पदराला हात पुसून कॉम्प्युटरसमोर बसायची आणि त्याच बँकेचं पान उघडायची. नेटबँकिंग तिने माझ्या आधी सुरू केलं होतं, माझी मदत न घेता, आणि त्याचा तिला रास्त अभिमान होता. पान मराठीत उघडायचं. तिचा ग्राहक क्रमांक आधीच भरलेला असायचा. पासवर्ड ती न बघता टाकायची. मी एकदा विचारलं, काय आहे पासवर्ड, तर म्हणाली, “मला काय माहीत, बोटांना विचारा.” मग पडद्यावर ‘नमस्कार’ आणि तिचं संपूर्ण नाव यायचं. ती खातं बघायची, “सगळं जागेवर आहे” म्हणायची आणि पान बंद करायची. त्यानंतरचा सगळा दिवस मी तिच्या मागे असायचो. गॅस बंद केला का, चपला कुठे, हे औषध झालं, ते राहिलं. पण ती दहा मिनिटं तिची होती. त्या खुर्चीत ती बाई होती, पेशंट नव्हती.

आणि ती दहा मिनिटं मी घालवली. दुसऱ्या कोणी नाही.

आमच्याकडे घट बसायच्या आधी सगळं घर निघतं. गोधड्या धुवायच्या, फळ्यांवरचे डबे उतरवायचे, माळ्यावरचं खाली काढायचं. शिवाय खंडेनवमीला ज्या हत्यारावर पोट भरतं त्याची पूजा. आमच्या घरात हत्यार म्हणजे कॉम्प्युटर. दर वर्षी त्याला हळदकुंकू लागायचं आणि तिने ओवलेला झेंडूचा हार चढायचा. त्या वर्षी आवराआवर मी एकट्यानेच केली. डबे झाले, जाळी झाली, की-बोर्डमधला चिवड्याचा भुगाही ब्रशने काढला. तेवढ्यावर थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण मी पडलो जाणकार. म्हटलं, बाहेरून लख्ख आणि आत वर्षानुवर्षांचा कचरा, अशी पूजा कशी करायची? ब्राउझर उघडला आणि झाडून सगळं पुसलं. साठलेली पानं, इतिहास, कुकीज. ‘सुरुवातीपासूनचे सर्व’, हो, नक्की, पुसा.

धोरणात एक वाक्य आहे. ‘आपण कुकीज केव्हाही हटवू शकता; मात्र तसे केल्यास हे संकेतस्थळ आपला संगणक ओळखू शकणार नाही.’ ते मी तीनदा घासलं होतं. ‘मात्र’ ठेवावं की ‘परंतु’, यावर एक अख्खी दुपार घालवली होती. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, इथे तर गीता गाढवानेच लिहिलेली.

दुसऱ्या दिवशी ती बसली. पान इंग्रजीत उघडलं. क्रमांकाची चौकट रिकामी. तिने हात मांडीवर घेतले आणि म्हणाली, “हे आपलं नाही.”

“आपलंच आहे,” मी म्हणालो. पासबुक आणून क्रमांक भरला, भाषा मराठी केली. तिने चौकटीवर बोटं ठेवली, आणि बोटांनी पासवर्ड बरोबर टाकला. मला हायसं वाटलं. पण पुढे नवंच पान आलं. ‘हा संगणक आमच्या ओळखीचा नाही. कृपया सुरक्षा प्रश्नाचे उत्तर द्या. आपले आवडते फूल कोणते?’

खातं ऑनलाइन सुरू करताना हा प्रश्न तिने स्वतः निवडला होता, उत्तरही स्वतःच लिहिलं होतं. मग ‘हा संगणक लक्षात ठेवा’ या ओळीवर खूण केली होती, म्हणून इतकी वर्षं तो कोणी विचारला नव्हता. ती प्रश्नाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मला धीर निघेना. फुलांच्या मळ्यातली मुलगी, सोपं तर आहे. मी झेंडू टाकलं. चूक. मग हसू आलं, कारण उत्तर मलाच माहीत असायला हवं होतं. लग्न झाल्यापासून दर शुक्रवारी मी पंचवटीतून गजरा आणत आलो होतो. मोगरा टाकलं. चूक. मग शेवंती. चूक. ‘आपले खाते तात्पुरते बंद करण्यात आले आहे. कृपया शाखेशी संपर्क साधा.’ हेही मराठी माझंच.

“माझं काही चुकलं का?” तिने विचारलं.

“नाही गं. यंत्र बिघडलंय,” मी म्हणालो. खोटं बोललो. चूक कबूल करायचीही हिंमत झाली नाही, आणि केली असती तरी तासाभराने तिला आठवली नसती. माफी मागायची तर तिला ती लक्षात राहायला हवी.

पुढचे चार दिवस ती रोज बसली, बंद पडलेलं पान बघितलं आणि उठली. पाचव्या दिवशी म्हणाली, “बँकेनं मला काढलं का?” सहाव्या दिवशी ती आलीच नाही.

शाखेत घेऊन गेलो. काउंटरवरची मुलगी फार चांगली होती. “काकू, आठवून बघा ना, तुम्हीच लिहिलं होतं,” ती दोनदा म्हणाली. मी तिला म्हटलं, तुम्ही बघून सांगा. “काका, ते आम्हाला पण दिसत नाही.” शेवटी अर्ज भरला. सही करताना बायको नावाच्या मध्येच थांबली, पुढचं अक्षर कोणतं ते शोधत राहिली. खातं दोन-तीन दिवसांत सुरू होईल, नवा पासवर्ड, नवा प्रश्न आणि नवं उत्तर घरून टाका, असं सांगून मुलीने आम्हाला मोकळं केलं.

खंडेनवमीला मी किलोभर झेंडू आणला. खाली सतरंजी टाकून दोघं बसलो. सुई तिच्या हातात दिली तर हात सुरूच झाले, देठ खुडून, फूल सरळ धरून, भराभर. मला फार बरं वाटलं. म्हणालो, “बघ, फुलांची आवड काही सुटत नाही.”

“मला नाय आवडत फुलं,” ती म्हणाली. “एकबी नाय.”

मी हातातलं फूल खाली ठेवलं.

“आंधारात उठवायची आई. दव पडलेलं असायचं, बोटं आखडून जायची. तोडून झाली का मग शाळा. हाताचा वास जायचा नाय. पोरी म्हणायच्या, आली फुलवाली. बाकावर लांब बसायच्या.”

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं.

“मग गजरा?” मी विचारलं. “दर शुक्रवारचा?”

“ते आमचे हे आणतात,” ती म्हणाली. “लय हौस हाय त्यांना. एवढ्या लांबून आणतात, नको कसं म्हणायचं?” तिने दोरा दाताने तोडला. मग माझ्याकडे झुकली आणि हळूच म्हणाली, “तुम्ही सांगू नका हं त्यांना. वाईट वाटंल.”

“नाही सांगणार,” मी म्हणालो.

हार चढवला, हळदकुंकू लावलं. संध्याकाळी बँकेचं पान उघडलं तर खातं सुरू झालेलं होतं. प्रश्न मी तोच निवडला. उत्तराच्या चौकटीत लिहिलं, एकही नाही. जुनं उत्तर हेच होतं का, ते बँक सांगत नाही. पण मला शंका नाही. इतकी वर्षं ते तिथे लिहिलेलं होतं, आणि मी शुक्रवारी गजरेवालीशी घासाघीस करत होतो. मग मराठी निवडली आणि ‘हा संगणक लक्षात ठेवा’ या ओळीवर खूण केली.

दसऱ्याच्या सकाळी सगळं पूर्वीसारखं लावून ठेवलं. पासवर्डही नवा होता, तो मीच टाकला. हार पडद्यावर येत होता, तो बाजूला केला आणि तिला हाक मारली. ती आली, खुर्चीत बसली. पडद्यावर ‘नमस्कार’ आणि खाली तिचं नाव. तिने चष्मा नीट केला आणि नाव वाचलं, खणखणीत आवाजात, आडनावासकट, वर्गात हजेरी घेताना वाचायची तसं. मग मान वर करून दाराकडे बघत थांबली. मीही थांबलो. तिने नाव पुन्हा एकदा वाचलं, थोडं मोठ्याने.

“गैरहजर,” ती म्हणाली आणि उठली.