फोटोला चौथा माणूस

ईशान्य सीरियात माझं पोस्टिंग झालं तेव्हा रायफलसोबत माझ्या गळ्यात कॅमेराही होता. अमेरिकन आर्मीत मी फोटोग्राफर होतो. यादवी युद्धाने पडझड झालेल्या गावांत लोक रोज कसे जगतात, ते टिपायचं. अर्धं शटर उघडलेलं दुकान, दोरीवरचे कपडे, शाळेला निघालेल्या मुली. पुसदला शिकलेल्या, घरातल्या पहिल्या ग्रॅज्युएटला हे काम मिळालं, याचं मला रोज अप्रूप वाटे.

आमची गाडी मिलर चालवायचा, हुद्दा स्पेशालिस्ट. ओहायोचा. कॅमेरा दिसला की तोंड फिरवायचा. त्याची आई दर फोनवर फोटो मागायची. तो म्हणायचा, घरी येतोच आहे, मग समोरच बघ.

त्या सकाळी आमची गस्तीची तुकडी एका बेकरीपाशी थांबली. अर्धी भिंत पडली होती, भट्टी चालू होती. बेकरीवाला, त्याची बायको आणि आमचा दुभाषी भट्टीसमोर उभे राहिले. मी कॅमेरा खाली घेतला.

"काय झालं?" सार्जंट हेसने विचारलं.

"तिघंच आहेत, सार्जंट. आमच्याकडे तिघांचा फोटो काढत नाहीत."

असलं काही मी मानत नाही. पण तिघांतला एक दुरावतो म्हणून आई कधी तसा फोटो काढू द्यायची नाही. शेजारच्या काकूंना हाक मारून आणायची. सवयीने तोंडून निघून गेलं.

सार्जंट हसला. "मिलर, खाली उतर. वानखेडेला एक माणूस कमी पडतोय."

"कॉलेजात हेच शिकवलं का याला?" कुरकुरत मिलर आला. बेकरीवालीने त्याच्या हातात भट्टीतली रोटी ठेवली. चटका बसला तशी तो ती या हातातून त्या हातात उडवू लागला, आणि हसला. मी बटण दाबलं.

परतताना रस्त्यात पुरलेला बॉम्ब मिलरच्या बाजूला फुटला. रेडिओवर सार्जंटचा आवाज ऐकू आला: "दोन नंबरची गाडी हिट. एक गंभीर. मेडिव्हॅक पाठवा." मी दोन्ही हातांनी मिलरची जखम दाबून धरली होती. जखमीला न्यायला हेलिकॉप्टर वेळेत आलं. मिलर वाचला नाही.

आता मी अमेरिकेत नेपरव्हिलला राहतो. मागच्या हिवाळ्यात बर्फातून ड्राइव्ह करून मिलरच्या आईला भेटायला गेलो. तो फोटो त्यांच्या किचनमध्ये लावलेला होता. युनिफॉर्ममधला त्याचा तेवढा एकच हसरा फोटो. हा कॅमेऱ्यासमोर आलाच कसा, असं त्यांनी विचारलं. मी तिघांच्या फोटोची गोष्ट सांगितली.

"तुझ्या आईला माझे थँक्स सांग," त्या म्हणाल्या.

मी तिथूनच पुसदला फोन लावून सगळं सांगितलं. आईने एवढंच विचारलं:

"त्या पोरानं ती रोटी खाल्ली का रे?"

"खाल्ली, आई. गाडीत बसल्यावर अर्धी मला दिली."

समोर बसलेल्या मिलरच्या आईला मी तेच इंग्रजीत पुन्हा सांगितलं.