भुपेंद्रच्या गाडीचं पासिंग

मोहाडीच्या कोष्टी मोहल्ल्यात खेमराजच्या अंगणात एक काळीपिवळी उभी असायची. तिच्यात सवारी बसत नव्हती, ती कुठे जात नव्हती. पण तिचं आरटीओतलं दर वर्षीचं पासिंग मात्र कधी चुकलं नाही.

गाडी त्याच्या मुलाची, भुपेंद्रची. तो मोहाडी-भंडारा सवाऱ्या न्यायचा. खेमराजचा सारा जन्म हातमागावर गेलेला. पोराने मागाकडे पाठ फिरवली म्हणून तो कितीतरी दिवस त्याच्याशी धड बोललाही नव्हता. पण पासिंग जवळ आलं की भुपेंद्र गंजलेला पत्रा घासून पिवळा रंग मारायला बसायचा. एकदा खेमराजनेही मुकाट्याने ब्रश उचलला आणि बापलेकाचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

पुढे एका भादव्यात, पासिंगच्या तोंडावरच, भुपेंद्र तापाने पडला. दवाखान्यात शुद्ध हरपत असतानाही त्याच्या तोंडी तेच.

"बाबा, तारीख जाऊन राहिली ना..."

"तू बरा हो. गाडी मी नेतो," खेमराज म्हणाला.

भुपेंद्र वाचला नाही. तेरवी आटोपली तसं खेमराजने मुलाचा दोस्त अश्वजित, तोही ड्रायव्हरच, त्याला गाडी चालवायला बोलावलं आणि आरटीओत नेऊन पासिंग करून आणलं. दुसऱ्या वर्षीही नेली. तिसऱ्या वर्षीही. पोराला दिलेला शब्द कुठे संपतो, हे त्याला कळेना.

यंदा तो टायर धुवत असताना सून मोना दारात येऊन उभी राहिली.

"मामाजी, कोनासाठी पास करून राहिले हे गाडी? मी दार उघडलं का तेच दिसते मले."

खेमराजने बादलीतलं पाणी तेवढं बदललं.

भंडाऱ्यात आरटीओच्या साहेबांनी दिवे पाहिले, वायपर पाहिला, ब्रेक दाबून पाहिले. गाडी पास झाली. पण जायला निघालेल्या खेमराजला त्यांनी थांबवलं.

"काका, गाडी चालत नाही वाटतं. उभ्या उभ्या आतून खराब होते. कोणाला तरी चालवू द्या."

परतताना वरठीच्या फाट्यावर एका म्हातारीने हात दाखवला. पार्वताबाई, भुपेंद्रची जुनी सवारी. अश्वजितने गाडी थांबवली. ती हसत हसतच आत चढली.

"अव माय, भुपेंद्रची गाडी! किती दिसानं दिसली! तो कुठी हाय?"

अश्वजितने खेमराजकडे पाहिलं. आजवर गावात हे सांगायची पाळी खेमराजवर आलीच नव्हती. सगळ्यांना ठाऊकच होतं.

"गेला बाई," खेमराज म्हणाला. "माहा पोरगा गेला."

म्हातारीच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. ती म्हणाली, "माही नात तापानं फणफणली होती. भर पावसात दवाखान्यात नेलं गा त्यानं. डॉक्टर येतपर्यंत बसून होता बिचारा."

हे भुपेंद्रने घरी कधी सांगितलं नव्हतं. खेमराजने खांद्यावरचा दुपट्टा तोंडाशी धरला आणि मोहाडी येईस्तोवर तो रडत राहिला. अंत्ययात्रेतही तो असा रडला नव्हता.

घरी आल्यावर तो मोनाला म्हणाला, "गाडी अश्वजितले देऊन टाकू."

तिला हायसं वाटेल, असं त्याला वाटलं होतं. पण मोना गाडीच्या चाकाला टेकून खाली बसली आणि हुंदके देऊ लागली. खेमराजही तिच्यापासून थोड्या अंतरावर जमिनीवर बसला. मग त्याने पार्वताबाईच्या नातीची गोष्ट तिला सांगितली.

"मले नाही सांगतलं कधी त्यायनं," मोना म्हणाली.

"मलेही नाही."

भुपेंद्र गेल्यापासून दोघं त्याच्याबद्दल एकमेकांशी बोललेच नव्हते. त्या संध्याकाळी ते दिवा लावायचं विसरून बोलत बसले.

सकाळी अश्वजित गाडी घेऊन गेला. मोना फाटकापर्यंत गेली. खेमराज मागावर बसला होता. तो उठला नाही, पण गाडीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत त्याने मागही चालवला नाही.