अर्धं युनिट

आमच्या येरळेकाठी आकडा लावणाऱ्याला कुणी पोरगी देत नाही. म्हणून माझा चुलतपुतण्या नंदू ऑस्ट्रेलियात जाऊन फुटबॉलवर पैसे लावतो हे कळलं, तेव्हा मी ते गावात बोललो नाही. आज बोलतो, आणि मान वर करून बोलतो.

मी सध्या लेकीकडे, मितालीकडे, ब्लॅकटाउनला असतो. नंदू आणि त्याची बायको सुचित्रा तिथून दोन गल्ल्या सोडून भाड्याने राहतात. नंदू बसडेपोत इलेक्ट्रिशियन आहे. अंगाने बारीक, बोलायला मोजका. वायर हातात घेतली की आधी ती कुठून येते ते बघतो, मगच ती कुठे जाते ते. सुचित्रा सांगलीची, पाळणाघरात काम करते. बोलायला फटकळ आणि मनाने उन्हासारखी स्वच्छ.

इथे फूटी म्हटलं की अंड्यासारखा चेंडू काखेत मारून पळणारे गडी. नंदूचा खेळ तो नव्हे. त्याचा चेंडू गोल, आणि पायाचा. हंगामात पॅरामॅटाच्या स्टेडियममध्ये आपल्या भागाची टीम खेळते. नंदू आणि त्याचा दोस्त विक्रांत, जो पुण्याचा आणि आयटीतला, दोघे तिथे जातात. टीमचा लाल-काळा मफलर नंदूच्या गळ्यात असतो, आणि त्याच्यावर हळदीचा एक डाग आहे. तो डाग धुवायला तो देत नाही.

आता एक शब्द सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. सिडनीत फ्लॅटला युनिट म्हणतात. दोन खोल्यांचं युनिट, चार खोल्यांचं युनिट. नंदू आणि सुचित्राला स्वतःचं युनिट घ्यायचं होतं. त्यासाठीचं डिपॉझिट नंदूच्या खात्यात साठत होतं आणि सुचित्राच्या पगारावर घर चालत होतं. शनिवारी सगळं शहर समुद्राकडे जाई, तेव्हा ती जादा शिफ्टला जाई. सहा वर्षांचे शनिवार तिने त्या न पाहिलेल्या घराच्या पायात घातले होते. नंदू फुटबॉलवर थोडेफार पैसे लावतो हे तिला ठाऊक होतं. त्यानेच सांगितलं होतं. त्या धंद्याची भाषा मात्र तिला ठाऊक नव्हती.

एका रविवारी दुपारी मितालीकडे सगळे जेवायला होतो. मागच्या अंगणात नंदू फोनवर विक्रांतशी बोलत होता. सुचित्रा कोथिंबीरवड्यांचं ताट घेऊन माझ्याकडे येत होती. तेवढ्यात नंदू अगदी शांतपणे म्हणाला, "अर्धं युनिट गेलं रे काल. जाऊ दे. पुढच्या शनिवारी पूर्ण लावतो."

आमच्याकडच्या बाया हातातलं टाकत नाहीत. तिने ताट माझ्यासमोर ठेवलं, आवाज न करता ठेवलं. नंदूने फोन खिशात घातला, तशी ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"नंदू, तू युनिट लावलंस?"

"अर्धंच. भरवसा नव्हता म्हणून."

"अर्धंच? आणि गेलं ते?"

"गेलं. होतं तसं कधी कधी. त्यात काय एवढं?"

"माझे सहा वर्षांचे शनिवार आहेत त्यात," ती आवाज न चढवता म्हणाली.

नंदूने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. "अगं, पाच डॉलर होते ते."

पैसे लावणाऱ्यांच्या भाषेत युनिट म्हणजे एका डावाचं माप. प्रत्येकाचं आपापलं. नंदूचं युनिट दहा डॉलरचं, त्याचं अर्धं पाच. मिताली आधी हसली, मग मी, मग नंदूसुद्धा. सुचित्रा हसली नाही.

"आज पाच आहेत," ती म्हणाली. "उद्या तुझं युनिट केवढं होईल, ते कोण सांगणार?"

प्रश्न खरा होता. त्या खात्यातल्या एकाही डॉलरला तिचा हात पोचत नव्हता, आणि माणूस पैसे लावणारा होता.

नंदू पायरीवर बसला आणि त्याने तिला विहीर सांगितली. ती विहीर मी पाहिलेली आहे. त्याच्या बापाची, येरळेच्या कडेची, उन्हाळ्यात चार हात पाण्यावर येणारी. पंपाचा पाइप विहिरीत उतरलेला असतो आणि त्याच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह असतो. पाणी त्याच्या खाली गेलं की पंप हवा ओढतो, तापतो आणि जळतो. लाइट आली म्हणून शेजारचे लोक मोटर चालवतच राहायचे. नंदूचा बाप मात्र विहिरीत डोकावायचा. पाणी जितकं खाली, तितकी मोटरची पाळी आखूड. ऊस सुकत असला तरी आखूडच. मोटर जळाल्यावर ऊस काय, प्यायलाही पाणी नाही, असं म्हणायचा.

नंदूने तेच केलं होतं. जुनी गाडी विकली तेव्हा त्यातले पाचशे डॉलर त्याने वेगळे काढले आणि ते गेलेच असं मनाशी धरलं. ती त्याची विहीर. तिच्यात बाहेरून तांब्याभरही पाणी ओतायचं नाही, पगारातलं नाही, डिपॉझिटमधलं तर नाहीच. एका सामन्याला तिचा पन्नासावा हिस्सा, मन साशंक असेल तर त्याच्या निम्मा. महिना बदलला की आत डोकावायचं आणि उरलेल्याचा पुन्हा पन्नासावा हिस्सा काढायचा. पाणी उतरलं की मापही उतरतं. आणि हरल्यावर त्याच दिवशी दुसरा डाव लावायचा नाही, कारण त्या वेळी लावणारा आपण नसतो, आपला राग असतो.

सुचित्राने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझे वडील विहिरीच्या काठावर बसून असायचे. तुझ्या काठावर कोण आहे?"

"मीच."

"मग मी पण बसते."

तिने दोन अटी घातल्या. हंगाम संपेपर्यंत प्रत्येक डाव लावण्याआधी त्याने तिला डॉलरमध्ये सांगायचं, युनिट हा शब्द काढायचा नाही. या घरात युनिट म्हणजे राहायचं. आणि एकदा जरी माप वर गेलं, तर डिपॉझिटच्या खात्यावरचं त्याचं नाव निघेल आणि तिचं लागेल. नंदूने माझ्या साक्षीने मान हलवली. माणूस जे सहज करतो तेच कुणी बघत असताना करणं अवघड असतं, हे त्याला तेव्हा उमगलं असेल की नाही, कोण जाणे.

आणि मग त्याचे वाईट दिवस आले. आपली टीम जिंकायची तिथे हरली, हरायची तिथे बरोबरीत राहिली. विहीर पाचशेवरून चारशेवर आली, मग तीनशेवर. माप दहाचं आठ झालं, आठचं सहा. विक्रांत जीव लावणारा, पण जीभ तिखट. सहा डॉलरमध्ये इथे धड कॉफी येत नाही मेट, तू फुटबॉलवर लावतोस की देवळात टाकतोस, असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा. नंदू हसून मफलर सारखा करायचा.

हंगामाचा शेवटचा सामना आपल्याच टीमचा आला. आम्ही सगळे गेलो. जाकरांडाचं झाड फुलल्यावर गल्ली जशी दिसते, तसं ते स्टेडियम माणसांनी फुललं होतं. नंदूला त्या दिवशी खात्री होती. समोरच्या टीमचा डावा बचाववाला लंगडत सराव करताना त्याने पाहिला होता. विक्रांतने हजार डॉलर लावले आणि नंदूच्या खांद्यावर हात टाकला.

"तूच सांगतोयस जिंकणार म्हणून. मग लाव ना तीनशे. वर्षभराचं एका फटक्यात भरून निघेल. एकदाच, यार."

नंदूचा अंगठा फोनवर होता. सुचित्रा त्याच्या पलीकडे बसली होती, मैदानाकडे बघत. तिने मान वळवली नाही. मी तिच्या बोटांकडे पाहिलं. पर्सचा पट्टा ती गच्च धरून होती.

"सुचित्रा," नंदू म्हणाला, "सहा डॉलर."

पट्टा सुटला.

आपली टीम जिंकली. गोल त्या लंगडणाऱ्या बचाववाल्याच्या बाजूनेच झाला. विक्रांत बाकड्यावर उभा राहून नाचला, आणि त्याने नाचावंच, हजाराचे अडीच हजार झाले होते. नंदूचे सहाचे पंधरा झाले. मी त्याच्या चेहऱ्यावर हळहळ शोधली. शेतकऱ्याच्या डोळ्यापासून ती लपत नाही. नव्हती. जिंकला म्हणून निर्णय बरोबर आणि हरला म्हणून चूक, असा हिशोब त्याच्यात नाहीच. परतताना ट्रेनमध्ये तो झोपला, आणि मफलरचं टोक सुचित्राने आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. हिवाळ्यात त्यांना ब्लॅकटाउनलाच एक युनिट आवडलं. पूर्वेला खिडकी, खाली लिंबाचं झाड. पण इथे घराचा लिलाव होतो, दारासमोर उभं राहून, आणि भले शहाणे लोक तिथे वेडे होतात. आदल्या दिवशी त्या दोघांनी आकडा ठरवला, पाच लाख ऐंशी हजार. लिलावाच्या सकाळी मीही त्यांच्यासोबत गेलो. तिथे बोली लावायचा नंबर असलेलं कार्ड कुणी धरायचं, हा प्रश्न आला. सुचित्राने ते नंदूच्या हातात दिलं.

"मला ते झाड आवडलंय," ती म्हणाली. "माझा हात थांबणार नाही. तुझा थांबतो."

बोली चढत गेली. पाच साठ, पाच सत्तर. नंदूने पाच ऐंशी म्हटलं. एका तरुण जोडप्याने पाच पंच्याऐंशी म्हटलं. लिलाववाला कोट सावरत नंदूजवळ आला. घर कसं सहा हजारांच्या अंतरावर आहे, पुन्हा अशी खिडकी कशी मिळणार नाही, हे त्याने फार गोड आवाजात सांगितलं. नंदूने खिडकीकडे पाहिलं. मग झाडाकडे. मग त्याने कार्ड उलटं करून छातीशी धरलं आणि म्हणाला, "नो वरीज, मेट."

हातोडा पडला. मला वाटलं, आता ही रडेल. सुचित्राने फोन काढून मितालीला लावला.

"युनिट गेलं," तिने सांगितलं. "पूर्णच गेलं." आणि ती हसायला लागली. त्या रविवारी अंगणात राहून गेलेलं सगळं हसू तिथे फुटपाथवर आलं. नंदूही हसला, आणि कार्ड परत देऊन आम्ही तिघे पुढचं घर बघायला निघालो.